आईचे नाव, राणीचा चेहरा



इ. स. ५४ च्या ऑक्टोबरमध्ये रोमचा सम्राट क्लॉडियस मरण पावला आणि सोळा वर्षांचा नीरो गादीवर आला. त्याच्या नावाने पडलेल्या पहिल्या सोन्याच्या नाण्यावर दोन चेहरे समोरासमोर आहेत. डावीकडे पोरसवदा नीरो, उजवीकडे त्याची आई अॅग्रिपीना. दोघांची डोकी एकाच मापाची, एकाच उंचीवर. भोवतीची अक्षरे वाचली की धक्का बसतो, कारण दर्शनी बाजूचा लेख आईचा आहे: अॅग्रिपीना ऑगस्टा, दिव्य क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता. सम्राटाची स्वतःची बिरुदे मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या चक्राभोवती गेली आहेत. ज्याचे राज्य त्याचे नाव मागे आणि आईचे नाव पुढे, अशी मांडणी रोमन टांकसाळीने त्याआधी केलेली नव्हती.

वर्षभरात ती मोडली. इ. स. ५५ च्या नाण्यावर माय-लेक शेजारी शेजारी आले, पण नीरो पुढे आणि त्याच्या आडून आईच्या चेहऱ्याची जेमतेम कड दिसणारी. लेखांचीही अदलाबदल झाली. दर्शनी बाजू नीरोची झाली आणि आईची ओळ मागे, चार हत्तींच्या रथाभोवती गेली. त्यानंतर रोमच्या नाण्यांवरून अॅग्रिपीना नाहीशी होते. इ. स. ५९ मध्ये नीरोने तिला ठार करवले.

आता त्याच सुमाराच्या, फार तर शे-पाऊणशे वर्षे पुढच्या, कोल्हापूरच्या नाण्याकडे वळावे. हे सोन्याचे नाही, शिशाचे आहे. जड, काळपट, कडा ओबडधोबड. एका बाजूला कमानींचे थर रचून केलेली टेकडी, तिच्यावर झाड, शेजारी स्वस्तिक. दुसऱ्या बाजूला बाण लावलेले धनुष्य आणि त्याला वळसा घालून ब्राह्मी अक्षरांत प्राकृत लेख: ‘रञो वासिठिपुतस विळिवायकुरस’. म्हणजे वासिष्ठीचा पुत्र राजा विळिवायकुर, त्याचे हे नाणे. चेहरा कुणाचाच नाही, ना राजाचा, ना राणीचा. बापाचे नावही नाही. राजाने स्वतःच्या नावाआधी जे एकच नाव घालायला लावले, ते आईचे.

रोमने राजस्त्रीला चेहरा दिला, कोल्हापूरने आईला नाव दिले. हे दोन मान एकाच जातीचे आहेत का, आणि ज्या बाईला ते मिळाले तिच्या पदरात नेमके काय पडले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांवर युरोपात पुष्कळ लिहिले गेले आहे. कोल्हापूरच्या मातृनामांकित नाण्यांवरही विद्वानांनी लिहिले आहे. दोन्ही एकत्र ठेवून पाहण्याला कोल्हापूरइतकी रास्त जागा दुसरी नाही, कारण या गावाच्या मातीत रोम खरोखरच सापडले आहे.

पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल छापला. टेकडीच्या पोटात सातवाहन काळातली वसती निघाली. त्याच दशकात ब्रह्मपुरीवर काशाच्या वस्तूंचा एक ठेवाही मिळाला होता. त्यात भूमध्य समुद्राकडून आलेली भांडी होती, आरसा होता आणि ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक वीतभरही न भरणारी मूर्ती होती. ही मूर्ती आज जगभरच्या ग्रंथांत कोल्हापूरचे नाव घेऊन छापली जाते. कोल्हापूरचे संग्रहालय १९४६ मध्ये सुरू झाले ते याच शोधांच्या उत्साहात, आणि पुढे टाऊन हॉलच्या इमारतीत स्थिरावले.

धनुष्यबाणाची नाणी त्याहूनही आधी अभ्यासकांच्या हाती आली होती. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७७ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिले. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात त्यांची चर्चा केली. रॅप्सनने १९०८ मध्ये ब्रिटिश म्युझियमची आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची सूची केली, तीत ‘कोल्हापूरची नाणी’ हा स्वतंत्र गट आहे. राजांची नावे तीन: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘कुर’मुळे त्यांना कुर राजे म्हणतात. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने ‘बालेओकुरोस’ या राजाची राजधानी ‘हिप्पोकुरा’ अशी नोंद केली आहे. हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. कोल्हापूरच्या शिशाच्या नाण्यावरचे नाव नाईलच्या मुखाशी बसलेल्या माणसाच्या कानावर गेले होते.

या दोन मानांची तुलना करायची तर रोमन टांकसाळीत बाईचा चेहरा कसा आला, हे आधी पाहावे लागते.

रोमचे प्रजासत्ताक होते तोवर जिवंत माणसाचे मुख नाण्यावर घालणेच निषिद्ध मानत. नाण्यावर असत त्या बहुधा देवता. ज्युलियस सीझरने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ती रीत मोडली आणि पाठोपाठ त्याच्या वारसांनी बायकांनाही नाण्यावर आणले. मार्क अँटनीची पत्नी फुल्व्हिया विजयदेवतेच्या रूपात आली. त्याची पुढची पत्नी ऑक्टेव्हिया स्वतःच्या रूपात आली. आणि ख्रिस्तपूर्व ३२ मध्ये अँटनीच्या चांदीच्या नाण्यावर क्लिओपात्राचे मुख आले, राजांची आणि राजपुत्रांची राणी अशा बिरुदासह. यातली एकही बाई नुसत्या स्वतःच्या कर्तबगारीसाठी अँटनीच्या नाण्यावर आलेली नाही. ऑक्टेव्हियाचे मुख म्हणजे तिचा भाऊ आणि तिचा नवरा यांच्यातल्या तहाची खूण होती. तह मोडला, मुख गेले.

सम्राट ऑगस्टसने हे सारे ओळखले होते. त्याची पत्नी लिव्हिया पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याच्या शेजारी होती, तरी तिच्या नावानिशी तिचे मुख त्याने रोमच्या नाण्यावर येऊ दिले नाही. ते काम तिच्या मुलाच्या, टायबेरियसच्या काळात झाले, तेही आडवळणाने. इ. स. २२-२३ च्या पितळी नाण्यांवर तीन स्त्रीमुखे आली: न्याय, भक्ती आणि आरोग्य. ‘आरोग्य’ लिहिलेल्या मुखाचे केस लिव्हियासारखे मागे सारून अंबाडा घातलेले आहेत. त्याच वर्षी लिव्हिया दुखण्यातून उठली होती, म्हणून हे मुख तिचेच असे मानतात. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. नाण्यावरची बाई पस्तिशीची दिसते.

न्याय, भक्ती, सलोखा, सुफलता, लज्जा. पुढची अडीचशे वर्षे रोमन राण्यांच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला हीच यादी फिरत राहिली. लॅटिनमध्ये हे सारे गुण व्याकरणाने स्त्रीलिंगी आणि धर्माने देवता, त्यामुळे राणीला देवतेचे वस्त्र नेसवणे सोपे होते. सम्राट कॅलिगुलाने इ. स. ३७-३८ मध्ये आपल्या तिन्ही बहिणींना एका मोठ्या पितळी नाण्यावर उभे केले. अॅग्रिपीना, ड्रुसिला आणि ज्युलिया. प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव आणि हातात देवतेची खूण. दोन वर्षांत ड्रुसिला वारली होती आणि उरलेल्या दोघींना भावाने बेटावर हद्दपार केले होते. या तिघींतली अॅग्रिपीना म्हणजेच पुढे नीरोची आई. अठरा वर्षांत ती भावाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या नाण्यांवर येऊन गेली. तीन पुरुषांच्या राज्यांत नाण्यावर राहिलेली ही बाई किती जबर असेल, याचा पुरावा म्हणून ही नाणी मोलाची आहेत. आणि ती प्रत्येक वेळी कुणाची तरी कुणीतरी म्हणूनच आली, याचाही पुरावा हीच नाणी देतात.

दुसऱ्या शतकात राण्यांची नाणी हा टांकसाळीचा नेहमीचा धंदा झाला. सम्राट ट्रेजनच्या घरातल्या बायकांची केशरचना पाहणाऱ्याला थक्क करते: तारांवर चढवल्यासारखे केसांचे मनोरे, एकावर एक. नाण्यांचे अभ्यासक केसांच्या वळणावरून वर्ष सांगतात, इतक्या निगुतीने ठसा कोरणाऱ्याने ती कोरली आहे. थोरली फॉस्टिना इ. स. १४० मध्ये वारली. तिचा नवरा अँटोनायनस पायस आणखी एकवीस वर्षे राज्य करीत होता, आणि त्या सगळ्या काळात तिच्या नावाची सोने, चांदी आणि पितळेची नाणी पडत राहिली. जिवंतपणी नव्हती इतकी नाणी तिला मेल्यावर मिळाली. मागच्या बाजूला बहुतेक वेळा एकच शब्द, ‘अनंतता’. तिच्या नावाने गरीब मुलींच्या पोषणाची तजवीज केली, तीही सम्राटाने नाण्यावर कोरवली. रोमच्या फोरममधले त्या दोघांचे देऊळ आजही उभे आहे. नाण्यांची ही मालिका राजकारणाच्या हिशेबापलीकडची वाटते. एकवीस वर्षे नुसत्या सोयीसाठी कुणी इतके करीत नाही.

तिची मुलगी धाकटी फॉस्टिना, मार्कस ऑरेलियसची पत्नी. हिच्या नाण्यांपुढे थांबावेच लागते. मागच्या बाजूला मुलेच मुले: कडेवर एक, दुसऱ्या हाताशी एक, पायाशी दोन. लेख आहे ‘सुफलता’. तिला किमान बारा अपत्ये झाली आणि त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. इ. स. १६१ मध्ये जुळे मुलगे झाले तेव्हा एक नाणे निघाले. त्यावर एक सिंहासन, सिंहासनावर खेळणारी दोन तान्ही बाळे आणि लेख ‘युगाचे भाग्य’. त्यातले एक बाळ चार वर्षांचे होऊन मेले. दुसरे कॉमोडस, जो पुढे रोमच्या वाईट सम्राटांत गणला गेला. बाईच्या कुशीवर साम्राज्याने किती भार टाकला होता, हे या चांदीच्या तुकड्याइतके थेट दुसऱ्या कुठल्या साधनातून कळत नाही. इतिहासकार तिच्या चारित्र्यावर लिहीत बसले. टांकसाळीने मुलांची मोजदाद ठेवली.

या कॉमोडसच्या राणीचे, क्रिस्पिनाचे नाणे आहे. मागे एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि लेख ‘सलोखा’. नवऱ्याने तिला काप्री बेटावर धाडले आणि तिथे मारवले. सम्राट कॅराकलाची पत्नी प्लॉटिला हिच्याही नाण्यावर नवरा-बायको हात हातात घेऊन उभे आहेत, लग्न इ. स. २०२ चे, हद्दपारी २०५ ची. रोमन राणीच्या नाण्यावर ‘सलोखा’ दिसला की तिच्या चरित्राचे शेवटचे पान उघडून पाहावे, असे वाटण्याइतकी ही उदाहरणे आहेत.

मग ज्युलिया डोम्ना. सीरियातल्या एमेसाची, सूर्यदेवाच्या पुजाऱ्याची मुलगी. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी आणि कॅराकला व गेटा यांची आई. सेव्हेरसच्या एका सोन्याच्या नाण्यावर मधोमध ती समोर तोंड करून आहे आणि दोन्ही बाजूंना दोन मुलगे. बाकी सगळे चेहरे नाण्यावर एका अंगाने दिसतात. ही बाई पाहणाऱ्याकडे सरळ पाहते. डिसेंबर २११ मध्ये कॅराकलाने भावाला मारवले, आणि समकालीन इतिहासकार डिओ लिहितो की गेटा आईच्या मिठीतच मारला गेला. आशिया मायनरमधल्या काही शहरांनी दोन्ही भावांची मुखे असलेल्या आपल्या नाण्यांवरून गेटाचे मुख छिन्नीने खरवडले. ती नाणी आज संग्रहालयांत आहेत: एका बाजूला कॅराकला, समोर नुसता खड्डा. डोम्नाला दुःख करायचीही मुभा नव्हती. तिची नाणी मात्र वाढली आणि बिरुदेही वाढली: छावण्यांची माता, सिनेटची माता, देशाची माता. आई हे पद इतके उंच नेले गेले, आणि ते वाहणाऱ्या बाईच्या हाती एका मुलाचा खून पाहणेच आले.

तिसऱ्या शतकापर्यंत टांकसाळीची कार्यशाळाच राणीसाठी वेगळी ठेवलेली असे. इ. स. २४८ मध्ये फिलिप या सम्राटाने रोमच्या हजाराव्या वर्षाचे खेळ भरवले. तेव्हाच्या नाण्यांवर सिंह, काळवीट, हरिण अशी जनावरे आणि कार्यशाळांचे आकडे आहेत. चौथा आकडा राणी ओटासिलिया सेव्हेराच्या नाण्यांवर येतो, आणि तिच्या वाट्याचे जनावर होते पाणघोडा. या हिशेबी कारभारात अपवाद झाला तो पाल्मायराची राणी झेनोबिया हिचा. इ. स. २७२ मध्ये थोडेच महिने का होईना, तिने स्वतःच्या हुकमाने स्वतःचे मुख आणि ‘ऑगस्टा’ हे बिरुद नाण्यावर घातले. रोमन सम्राट ऑरेलियनने तिचा पराभव केला आणि ती नाणी थांबली. तोवर आणि नंतरही बहुतेक वेळा रोमन राणीच्या नाण्याला हुकूम देणारा कुणी पुरुषच होता.

यातल्या किती राण्या दख्खनपर्यंत आल्या?

एक नक्की आली, आणि फार मोठ्या संख्येने. टायबेरियसचे चांदीचे दिनार दक्षिण भारतात ढिगांनी सापडतात. तेलंगणातल्या अक्कनपल्लेच्या एकाच ठेव्यात दीड हजारांहून अधिक रोमन दिनार होते. टायबेरियसच्या या दिनाराच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई आहे, एका हातात भाला, दुसऱ्या हातात डहाळी. तिच्या भोवतीचा लेख सम्राटाच्या पुरोहितपदाचा आहे. बाईचे नाव नाही. परंपरेने तिला शांतिदेवतेच्या रूपातली लिव्हिया मानतात. म्हणजे त्या काळात भारतीय हातांनी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली रोमन बाई ही निनावी आहे. तेर आणि कोंडापूर इथे तर रोमन नाण्यांवरून साचे घेऊन मातीची पदके केलेली सापडली आहेत, वर ओवायला नाके असलेली. ज्यांना सोन्या-चांदीचे परवडत नव्हते त्यांनी मातीचे रोम गळ्यात घातले. रोमन सोन्याच्या नाण्यांनाही आपल्याकडे भोके पाडलेली दिसतात, आणि ती मुखाच्या वरच्या अंगाला, म्हणजे गळ्यात चेहरा सुलटा दिसावा अशी काळजी घेऊन.

पश्चिम महाराष्ट्रात मात्र रोमन नाणी फार थोडी मिळतात. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भरूचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि इथल्या चलनाशी बदलून नफा होत असे, असे स्पष्ट म्हटले आहे. ती चांदी वितळून क्षत्रपांची नाणी झाली असावीत, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. लिव्हियाचे मुख क्षत्रप राजा नहपानाच्या मुखात मिसळून गेले असेल तर नवल नाही. ब्रह्मपुरीला पोसायडन आला, आरसा आला. राणीचा चेहरा आलाच असेल तर तो नाण्याच्या रूपाने टिकला नाही.

चेहरा काढायची कला इथे नव्हती, असे मात्र कुणी समजू नये. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, ती नहपानाची, मुखचित्र असलेली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा मारून घेतला. पुढे सातवाहनांनीही चांदीवर स्वतःची मुखे घातली. पंडित भगवानलालांना १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालेले यज्ञ सातकर्णीचे नाणे त्याच प्रकारचे. एका बाजूला राजाचा चेहरा, आणि भोवतीच्या लेखात आईचे नाव, ‘गोतमिपुतस’. म्हणजे चेहरा परका आणि आईचे नाव घरचे, असे दोन्ही एका नाण्यावर नांदले. पण तो चेहरा राजाचा. आईचा चेहरा घालावा असे कुणाला सुचले नाही, किंवा सुचूनही कुणी तो घातला नाही.

मग या आईच्या नावाचा अर्थ काय? इथे काळजीने बोलावे लागते. कुर किंवा सातवाहन राज्यांत मातृसत्ता होती, असा निष्कर्ष पुष्कळदा उत्साहाने काढला जातो. तो टिकत नाही. राज्य बापाकडून मुलाकडे किंवा भावाकडे जात होते. गौतमी, वासिष्ठी, माढरी ही त्या बायकांची व्यक्तिनामेही नव्हेत. ती त्यांच्या माहेरच्या गोत्रांवरून आलेली नावे. राजाच्या अनेक राण्यांपैकी हा कुठल्या राणीचा मुलगा, हे सांगायला त्यांचा उपयोग होत असावा. भांडारकरांनी तर असा तर्क केला होता की कोल्हापूरच्या नाण्यांवरचे मातृनाम वरच्या सार्वभौम सातवाहन राजाचे आणि विळिवायकुर हे स्थानिक सुभेदाराचे नाव. म्हणजे एका राजाची आई आणि दुसऱ्याचे नाणे! पुढच्या अभ्यासकांनी बहुतांशी हे राजे आपापल्या आईचेच नाव लावतात असे मानले, आणि नाण्यावरचा लेख सरळ वाचला तर तेच पटते.

तरीही या नावाचे वजन कमी होत नाही. गोत्राचे का असेना, माहेरचे नाव आहे. रोममध्ये अॅग्रिपीना ‘नीरोची माता’ म्हणून नाण्यावर येते, म्हणजे आईची ओळख मुलावरून. कोल्हापूरला राजा ‘माढरीचा पुत्र’ म्हणून येतो, म्हणजे मुलाची ओळख आईवरून. आईचे नाव पुढे ठेवण्याची मांडणी रोमला वर्षभर झेपली नाही. कोल्हापूरला लागोपाठ तीन राजांनी ती पाळली आणि कुणी ती काढून टाकली नाही.

या आया प्रत्यक्षात कोण होत्या, हे कधी कळू शकते याचे एक उदाहरण आपल्याकडे आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला मोठा लेख आहे. तो कोरवून घेणारी गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन त्यात ओळीमागून ओळ येते, आणि तो आईची अखंड सेवा करणारा होता हेही त्यात आहे. स्वतःबद्दल तिने सत्य, दान, क्षमा, अहिंसा अशा गुणांची यादी दिली आहे. रोमन राणीच्या नाण्यामागे जी यादी टांकसाळ लिहीत होती, तशीच इथे एक विधवा आजी स्वतःच्या दानलेखात लिहवून घेते आहे. आणि ‘गौतमी’च्या पुढे ‘बलश्री’ हे आपले नाव घालायला ती विसरली नाही. त्या एका शब्दामुळे नाण्यांवरच्या हजारो ‘गोतमिपुतस’मधल्या एका तरी गौतमीला स्वतःचे नाव मिळाले. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा यज्ञांचा आणि दक्षिणेचा लेख आहे, तिथल्या भग्न पुतळ्यांवरच्या नावांतही ती राजाच्या जोडीने आहे. कोल्हापूरच्या वासिष्ठीला आणि माढरीला असा लेख मिळालेला नाही.

कोल्हापुरात बसून हा विषय बोलताना ताराराणींचे नाव येणारच. १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली ती धाकट्या शिवाजीच्या नावाने, आणि कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला तोही मुलाच्याच नावाने. कर्तृत्व आईचे, नाव मुलाचे. कुरांच्या नाण्यापेक्षा अगदी उलटी गोष्ट. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे, बाईंचे नाव किंवा चेहरा नाही. त्यांनी देवाच्या नावाने राज्य केले आणि नाणेही तसेच पाडले.

बाईचा चेहरा मराठी मुलखात घराघरांत पोचला तो व्हिक्टोरियाचा. १८६२ च्या रुपयावर ती ‘क्वीन’ आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’. योगायोग असा की भगवानलालांनी कोल्हापूरच्या नाण्यांवर लिहिले तेही १८७७ मध्येच. इंग्लंडच्या नाण्यांवर तिचा चेहरा वयाबरोबर बदलला. १८९३ नंतर तिथे डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी राणी आहे. हिंदुस्थानच्या रुपयावर मात्र १९०१ पर्यंत तीच मुकुट घातलेली तरुण बाई. लिव्हियाच्या वेळी रोमने जे केले तेच कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी केले. प्रजेला राणी दिसायची ती न थकणारी. आणि प्रजेनेही तेरच्या माणसांसारखेच केले. राणीछाप रुपयाला कडी लावून माळेत ओवले, जशा आधी व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांच्या धर्तीवर पुतळ्या ओवल्या होत्या. साज आणि पुतळ्या घडवणाऱ्या या शहराला नाणे गळ्यात कसे येते हे सांगायची गरज नाही.

शेवटी पुन्हा शिशाकडे, कारण करण्यासारखे काम तिथे आहे. या नाण्यांच्या राजांचा क्रम आपल्याला कशावरून कळला? एकावर एक मारलेल्या ठशांवरून. शिवलकुराने वासिष्ठीपुत्राच्या जुन्या नाण्यांवर आपला ठसा मारला, आणि गौतमीपुत्राने त्या दोघांच्याही नाण्यांवर. त्यावरून रॅप्सनने वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र, गौतमीपुत्र असा क्रम लावला. शिसे मऊ असते. ठसा जरा तिरका बसला की खालची अक्षरे पुरती मोडत नाहीत. तिरप्या उजेडात धरले तर एकाच तुकड्यावर ‘माढरि’च्या खाली ‘वासिठि’ची एखादी मात्रा उरलेली सापडते. दोन राजे, दोन आया, एक नाणे. असे प्रत्येक नाणे म्हणजे या भागाच्या इतिहासाचे एक वेगळे साधन आहे, आणि ते चिंचेने घासले की साधन म्हणून संपते. लाकडी पेटीत वर्षानुवर्षे ठेवले तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाची पांढरी भुकटी होते. कागदाच्या पाकिटापेक्षा आम्लरहित डबी, आणि लाकडी कपाटापेक्षा पोलादी कपाट, एवढी साधी काळजी पुरते.

पंचगंगेच्या काठी घराचा पाया खणताना, शेत नांगरताना अशी नाणी अजूनही वर येऊ शकतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कळवण्याआधी नाणी धुऊ नयेत, वेगळी करू नयेत, आणि ज्या खड्ड्यात मिळाली त्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवावा; किती खोलीवर, कशाच्या भांड्यात, सोबत खापरे कसली, हे चार शब्द लिहून ठेवावेत. आणि ज्यांच्या घरी आजोबांनी जमवलेली धनुष्यबाणाची शिशाची नाणी आहेत, त्यांनी ती वजन आणि दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह संग्रहालयात किंवा विद्यापीठात नोंदवावीत. कुर राजांच्या सगळ्या ज्ञात नाण्यांची, प्रत्येक दुहेरी ठशाच्या नोंदीसह, एक पुरी सूची कोल्हापुरातच आणि मराठीत व्हायला हवी. ती झाली की कुठल्या आईचे नाव किती काळ, किती नाण्यांवर आणि कुठवर चालले, हे पंचगंगेच्या काठावरची कुठलीही कॉलेजातली मुलगी स्वतः मोजू शकेल.